कूलर राहिला, पाटा-वरवंटा आला: नागपूरहून बेंगळुरूला बिऱ्हाड नेताना

२ मे २०२५, शुक्रवार. दुपारी साडेचारला बदलीचं पत्र मेलवर आलं. बढती मिळाली की राज्याबाहेर जावं लागतं हे बँकेत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी आपलं नाव यादीत दिसलं की पोटात गोळा येतोच. बेंगळुरू, २ जूनपर्यंत रुजू व्हायचं. म्हणजे बरोबर एक महिना. घरात नवरा, चौथी पास झालेला मुलगा, सासूबाई आणि नागपुरात बारा वर्षांत साठलेलं दोन बेडरूमचं सामान.

नवऱ्याचं काम घरून चालतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. मुलाचा होता. कर्नाटकातल्या शाळा मेच्या शेवटाला किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात. आमच्या विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याशिवाय शाळेचं दार उघडत नाही. म्हणजे तिथे वर्ग सुरू होणार आणि इथे दाखला देणारे बाबू सुट्टीवर. म्हणून सामानाच्या आधी दाखला, असं ठरवलं. तुमची बदली राज्याबाहेर असेल आणि मूल राज्य मंडळाच्या शाळेत असेल, तर तुम्हीही हाच क्रम ठेवा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही पुरत नाही, परराज्यात जायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, हे मला ६ मेला शाळेत गेल्यावर कळलं. बाबू आठवड्यातून दोनच दिवस येत होते. दाखला ९ तारखेला हातात आला. १० आणि ११ शनिवार-रविवार, १२ ला बुद्धपौर्णिमा. जिल्हा परिषदेत १३ ला कागद दिला, १५ ला प्रतिस्वाक्षरी मिळाली. पैसे शून्य, चकरा चार. दाखल्यावर जन्मतारीख अक्षरात आणि अंकात एकच आहे ना, हे तिथेच खिडकीपाशी वाचून घ्या. आमच्यात आईच्या नावातली वेलांटी चुकली होती.

दरम्यान सामानाचा विचार सुरू झाला होता.

पहिल्या रात्री आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि तिघांची तीन मतं निघाली. नवरा म्हणाला, सगळं विकून टाकू, चार सुटकेसी घेऊन जाऊ, तिथे नवीन घेऊ. सासूबाई म्हणाल्या, "माझा पाटा-वरवंटा आणि शिवणयंत्र येईल तिथेच मी येईन." माझं मत होतं की बँक भाडं देणारच आहे, तर सगळंच उचलून न्यावं. आता मागे वळून बघते तेव्हा तिन्ही मतांत चूक होती, पण सर्वांत कमी चूक सासूबाईंची होती. त्याकडे येतेच.

बँकेचा नियम आधी बघितला. आमच्याकडे सामान हलवण्याचा प्रत्यक्ष खर्च मिळतो, पण बिल इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतल्या वाहतूकदाराचं हवं. प्रत्येक बँकेचं परिपत्रक वेगळं असतं, म्हणून आपापल्या एचआरकडून लेखी विचारून घ्यावं. मी मेल केला, उत्तर यायला चार दिवस लागले, पण ते उत्तर पुढे बिल पास करताना कामी आलं. या यादीची एक गंमत सांगते. चार जणांना फोन केले, त्यांतल्या दोघांनी सामान किती, कुठे, केव्हा हे विचारायच्या आधी विचारलं, "मॅडम, बिल कितने का बनाना है?" म्हणजे सामान टेम्पोनं न्या आणि बिल मोठं लावा, असा सरळ धंदा आहे. मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण अशा बिलावरून नोकरी घालवून बसलेले लोक बँकेत ऐकून माहीत आहेत, आणि जो खोटं बिल इतक्या सहज बनवतो तो माझ्या सामानाशी खरं वागेल याची खात्री काय?

५ ते १० मेच्या दरम्यान चार दर आले.

पहिला, देशभर शाखा असलेल्या मोठ्या कंपनीचा. माणूस घरी आला, प्रत्येक खोलीत फिरला, टॅबवर नोंदी केल्या. १७ फुटी बंद गाडी, फक्त आमचं सामान, ८२ हजार, वर जीएसटी, वर विमा. दुसरा 'शेअरिंग'चा, म्हणजे एका मोठ्या कंटेनरमध्ये तीन-चार घरांचं सामान. ४१ हजार, १० ते १२ दिवसांत पोच. तिसरा नंबर इंटरनेटवर मिळाला होता. घर न बघताच २४ हजार, आणि पाच हजार आत्ताच्या आत्ता पाठवा म्हणजे गाडी लावून ठेवतो. चौथा नागपुरातलाच, वाडीला गोदाम असलेला जुना वाहतूकदार, बँकेच्या यादीतला. त्याचे काका स्वतः आले, टॅब-बिब काही नाही, वहीत पेन्सिलीनं लिहिलं. १४ फुटी बंद गाडी, पॅकिंगसकट ६१ हजार, जीएसटी वेगळा. पण म्हणाले, "एवढं सगळं १४ फुटात येत नाही जी. कमी करा, नाहीतर १७ फुटी घ्या."

२४ हजारवाल्याला मी एकच प्रश्न विचारला, बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, कोणाच्या नावानं फाटणार? त्यानं फोन ठेवून दिला. एवढ्या लांबच्या भाड्यात डिझेल आणि टोल धरला तर २४ हजारांत गाडी जाऊच शकत नाही. मग उरलेले पैसे वाटेत गाडी थांबवून मागितले जातात. आमच्याच शाखेतल्या एका सहकाऱ्याचं सामान असंच सहा दिवस अडकलं होतं. सामान त्यांच्या ताब्यात, आपण रिकाम्या घरात. भांडणार कसं?

खरा पेच ४१ आणि ६१ मध्ये होता. शेअरिंगवाल्याला मी खोदून विचारलं की सामान कसं जाणार. माझ्या घरून छोट्या टेम्पोनं गोदामात, तिथून कंटेनरमध्ये, हैदराबादच्या गोदामात उतरणार, दुसऱ्या गाडीत चढणार, बेंगळुरूच्या गोदामात उतरणार, तिथून पुन्हा टेम्पोनं घरी. मी बोटांवर मोजलं. चार वेळा चढणार, चार वेळा उतरणार. स्वतंत्र गाडीत एकदा चढतं, एकदा उतरतं. सामान रस्त्यावर तुटत नाही, ते चढवताना-उतरवताना तुटतं, असं वाडीचे काका म्हणाले होते ते तेव्हा नीट कळलं. त्यामुळे दर विचारताना मी पुढे हाच प्रश्न आधी विचारायला लागले: सामान किती वेळा हात बदलणार? सामान थोडं असेल, चार कपाटं आणि पुस्तकं एवढंच, तर शेअरिंग वाईट नाही. पण फ्रिज, वॉशिंग मशीन आणि काचा असतील तर मी घेणार नाही.

रेल्वेचाही पर्याय बघितला, निदान स्कूटरसाठी. ८ मेला नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेले. आरसीची प्रत, ओळखपत्र, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी, गाडी गोणपाटात बांधलेली, एवढं लागतं. बांधून देणारी मुलं बाहेरच बसलेली असतात. खिडकीतल्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं की बेंगळुरूच्या गाड्या नागपूरहून सुटत नाहीत, नागपूरवरून जातात. डब्यात जागा असली तर चढेल, नाहीतर पुढच्या गाडीनं. आणि पोचल्यावर वेळेत सोडवली नाही तर तिथे जागेचं भाडं चढतं. जिथून गाडी सुटते त्या शहरात तुम्ही राहत असाल तर रेल्वे स्वस्त आणि बरी. आम्ही स्कूटर ट्रकमध्येच घालायची ठरवली.

आता मुख्य काम. १७ फुटीचं सामान १४ फुटीत बसवायचं.

इथे नवऱ्यानं एक हिशेब काढला आणि त्या हिशेबानं घरातली भांडणं मिटली. १४ फुटी गाडीत साधारण ५०० घनफूट सामान बसतं. ६१ हजार भागिले ५००, म्हणजे एका घनफुटाला सुमारे १२० रुपये. घरसामान वजनानं नाही, जागेनं महाग पडतं. मग टेप घेऊन आम्ही घरभर फिरलो. प्लायवुडचा डबल बेड सुटा केला तरी ३० घनफूट, म्हणजे ३६०० रुपये भाडं. तो विकला तर अडीच हजार येत होते, आणि प्लायवुड एकदा खोललं की पुन्हा तसं घट्ट बसत नाही. बेड बाद. सोफा बाद, सहा हजारांत गेला. जेवणाचं टेबल साडेतीन हजारांत वरच्या मजल्यावर. एसी चौदा हजारांत.

आणि कूलर. लोखंडी, मोठा, दर वर्षी एप्रिलमध्ये ताट्या बदलायच्या, पंपाला तेलपाणी करायचं, तो. तीन बाय तीन बाय चार, ३६ घनफूट, ४३०० रुपये. बेंगळुरूत त्याचा उपयोग शून्य. तरी मला तो सोडवेना. नागपूरकराला कूलर सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. त्या आवाजाशिवाय आमच्या मुलाला झोप लागत नाही. शेवटी कामाला येणाऱ्या ताईंना दिला. मेच्या मध्यात कूलर दिल्यामुळे पुढचे दहा दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नका. शहाण्यानं कूलर शेवटच्या दिवशी द्यावा.

मग सासूबाईंचा पाटा-वरवंटा मोजला. जेमतेम अर्धा घनफूट. साठ रुपये. वजन भरपूर, पण गाडीला वजनाचं काय! शिवणयंत्र पाय सुटे केल्यावर सहा-सात घनफूट. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या चहा ठेवायला उठल्या.

१९ मेच्या सकाळी टीव्हीवर बेंगळुरूच्या वस्त्यांमध्ये गुडघाभर साचलेलं पाणी दिसलं आणि ताडपत्रीची उघडी गाडी घेऊन चार हजार वाचवायचा जो एक विचार डोक्यात होता तो गेला. २० ला वाडीच्या काकांकडे बंद गाडीच पक्की केली, दहा हजार आगाऊ, पावती घेऊन.

विम्याबद्दल थोडं सविस्तर. बहुतेक जण सामानाच्या किमतीच्या तीन टक्के 'इन्शुरन्स' म्हणून लावतात. मी विचारलं, पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची? दोघांनी सांगितलं की आमचीच हमी आहे, मॅडम. ती हमी म्हणजे विमा नव्हे. विमा कंपनीच्या नावाचं, आपलं नाव, गाडीचा नंबर आणि वस्तूंची किंमत असलेलं प्रमाणपत्र हातात येत असेल तरच पैसे द्या. आमचं चार लाखांच्या सामानावर दीड टक्का, सहा हजार, जीएसटी धरून ७०८० झालं. विमा नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी कायद्यानं मर्यादित असते. २००७ चा रस्ते मालवाहतुकीचा कायदा आणि त्याखालचे नियम पाहिले तर, जास्त किंमत आधी लिहून दिलेली नसेल तेव्हा, भरपाई भाड्याच्या दहा पटीपर्यंतच. यादी करताना प्रत्येक वस्तूची आजची किंमत लिहा, घेतलेली नाही.

गाड्यांची एनओसी हे वेगळंच प्रकरण. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी आपल्या आरटीओची ना-हरकत, नमुना २८. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो, पण चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला छाप आणि कागद घेऊन जावंच लागलं. थकलेली ई-चलनं आधी भरा. आमची दोन निघाली, दोन्ही नवऱ्याची, दोन्हींबद्दल घरी कोणाला माहिती नव्हती. कारवर कर्ज होतं, त्यामुळे कर्ज देणाऱ्या बँकेची संमती हवी. माझ्याच बँकेचं कर्ज, आणि माझ्याच शाखेतून तो कागद यायला पाच दिवस. मी ग्राहकांवर इतकी वर्षं काय अन्याय केलाय ते त्या पाच दिवसांत कळलं. ८ ला अर्ज, २३ ला एनओसी.

२६ ला गॅस. भरलेला असो की रिकामा, सिलिंडर ट्रकमध्ये घालत नाहीत. एजन्सीत सिलिंडर, रेग्युलेटर आणि कार्ड परत केलं, पूर्वी भरलेलं डिपॉझिट आणि टर्मिनेशन व्हाउचर मिळालं. ते व्हाउचर जपून ठेवा, नव्या गावी त्यावरच जोडणी मिळते. आदल्या रात्रीपासून फ्रिज बंद करून दार उघडं ठेवलं. वॉशिंग मशीन समोरून उघडणारं असेल तर विकत घेताना ड्रमला लावलेले चार लांब बोल्ट आठवा. ते आमच्याकडे नव्हते. सर्व्हिसवाल्यानं चारशे रुपयांत आणून लावले. ते न लावता मशीन हलवलं तर आत ड्रम आपटत राहतो.

२७ ला पॅकिंगवाली पाच मुलं आली आणि दिवसभरात ५४ खोकी झाली. मुलं भराभर काम करतात आणि खोक्यावर फक्त 'किचन' लिहितात. किचनची अठरा खोकी झाल्यावर मी मार्कर हातात घेतला. खोक्याला नंबर, खोलीचं नाव, आणि माझ्या वहीत त्या नंबरापुढे आत काय ते. 'पहिल्या रात्रीचं' खोकं वेगळं: तवा, कुकर, चार ताटं, चहापत्ती, टॉवेल, चार्जर, स्क्रूड्रायव्हर. हे खोकं ट्रकमध्ये नाही, कारमध्ये. दागिने, दाखले, घराची कागदपत्रं, औषधं हेही कारमध्ये. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही. पण ड्रायव्हरजवळ सामानाची सही केलेली यादी, सामान विक्रीचं नाही असं पत्र आणि बदलीच्या आदेशाची प्रत दिली. २८ ला संध्याकाळी गाडी निघाली. मी बिल्टीचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला. रिकाम्या घरात आवाज घुमायला लागला तेव्हा मुलगा जोरजोरात 'ओ' ओरडत प्रत्येक खोलीत फिरला. सासूबाईंनी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात शेवटचा दिवा लावला. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

२९ ला पहाटे पाचला कारनं निघालो. राष्ट्रीय महामार्ग ४४, हिंगणघाट, पांढरकवडा. पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा. सासूबाईंनी प्रत्येक मोठ्या नदीत एक रुपया टाकायचा ठरवला होता, त्यामुळे गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा असं करत, हैदराबादला मुक्काम करून, ३० च्या रात्री आठला बेंगळुरू. घर सहकाऱ्यानं आधी बघून दिलं होतं, सहा महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट.

आणि इथे आमचा घोळ झाला. ट्रक ३१ ला, शनिवारी संध्याकाळी सहाला आला. सोसायटीचा नियम: सामान चढवणं-उतरवणं सकाळी दहा ते पाच, रविवारी बंद, आणि त्याआधी मेंटेनन्स ऑफिसात दोन हजार भरून पावती. हे मी नागपुरात बसून एका फोनवर विचारू शकले असते. दर, विमा, घनफूट सगळं केलं आणि हे राहिलं. रखवालदार हिंदीत नम्रपणे नाही म्हणत राहिला. ड्रायव्हर गाडी रिंग रोडला लावून दोन रात्री थांबला, हाल्टिंगचे दिवसाला दोन हजार. आम्ही तीन रात्री सतरंजीवर. पहिल्या रात्रीच्या खोक्यानं तीन रात्री निभावल्या.

सोमवारी २ जूनला मी रुजू व्हायला गेले आणि नवऱ्यानं सामान उतरवून घेतलं. त्याला एकच सांगितलं होतं: ५४ नंबर वहीत टिक झाल्याशिवाय सही करायची नाही, आणि जे तुटलं-चेपलं दिसेल ते त्यांच्या पोच-कागदावरच लिहायचं. फ्रिजच्या दाराला पोक आला होता आणि शोकेसची एक काच गेली होती. दोन्ही लिहिलं, फोटो काढले, त्याच दिवशी विमा कंपनीला मेल. ४२०० मागितले, पाच आठवड्यांनी २६०० मिळाले. फ्रिज चालतोय, पोकावर मुलानं स्टिकर लावलाय.

पाटा-वरवंट्याला पॅकिंगवाल्या मुलांनी काचेच्या भांड्यासारखं तीन थर बबल रॅप गुंडाळलं होतं. सासूबाई ते सोडताना हसून हसून बेजार.

एकूण हिशेब: गाडी आणि पॅकिंग जीएसटीसह ७१,९८०, विमा ७०८०, हाल्टिंग चार हजार. बँकेनं गाडीचं बिल आणि विमा दिला, हाल्टिंग नामंजूर केलं. विकलेल्या सामानाचे साधारण सव्वीस हजार आले, नवा बेड आणि टेबल यांत त्याहून बरेच जास्त गेले.

मुलाची शाळा सुरू झाली, कन्नड शिकणं इथे सक्तीचं आहे, त्यामुळे तो रोज रात्री आम्हाला आकडे म्हणून दाखवतो. कारचा नंबर बदलायचा अजून बाकी आहे. इथला कर भरला, नवा नंबर मिळाला, की महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागायचा अर्ज नागपूरला करायचा, तोही एक वेगळा लेख होईल असं दिसतंय. तोवर गाडी एमएच-४९ च आहे, आणि सिग्नलला उभं असताना आतापर्यंत दोनदा कोणीतरी काच खाली करून विचारलंय, "नागपूरचे का हो?"